किकची गाडी आणि बिनबॅटरीची गाडी

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानात जुन्या गाड्यांचे शौकीन भेटले की कुणीतरी म्हणतंच, "सेल्फ काढून टाकतो, किक बसवतो. बॅटरीची कटकटच नको." ऐकायला सरळ वाटतं, पण यात दोन निराळी कामं एकाच पिशवीत कोंबली आहेत. किक बसवणं हे एक आणि बॅटरीवाचून गाडी चालवणं हे दुसरं. पहिलं केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

सेल्फ काय किंवा किक काय, काम एकच, क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवायचा. पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीला करंट कुठून येतो, हा प्रश्न वेगळा. तो बॅटरीतून येत असेल तर पायाने फिरवा, बटणाने फिरवा किंवा कात्रजच्या उतारावर गाडी सोडून द्या, बॅटरी मेली की गाडीही मेली.

आपल्याकडच्याच दोन गाड्या घ्या. राजदूत ३५० (१९८३ ते १९८९) आणि आरएक्स १०० (१९८५ ते १९९६). दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्ही किकवाल्या, सेल्फ एकीलाही नाही. तरी ३५० ची बॅटरी पूर्ण बसली की किक मारून पोटऱ्या दुखतील, गाडी हूं का चूं करणार नाही. तिची ठिणगी पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा छोटा यांत्रिक स्विच) आणि बॅटरीवर चालते. त्यावर कडी म्हणजे तिच्या आल्टरनेटरला वीज तयार करायलाही आधी बॅटरीचाच करंट लागतो, त्यामुळे धक्का मारूनही उपयोग नाही. आरएक्सच्या इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटखाली मात्र सीडीआयसाठी (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीसाठी) स्वतंत्र कॉइल असते. बॅटरी काढून घरी ठेवली तरी ती एका किकमध्ये उठेल. हॉर्न वगैरे बंद पडतील, एवढंच.

मग हा गैरसमज इतका पक्का कसा बसला? कारण बहुतेक वेळा बॅटरी मेलेली नसते, अशक्त झालेली असते. पावसाळाभर गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवली, एका रविवारी सिंहगडाला निघायचं म्हणून बटण दाबलं, तर नुसती टक-टक. सेल्फला त्या क्षणी कितीतरी जास्त करंट लागतो, ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलला मात्र तीन-चार अँपिअर पुरतात. म्हणून अशा वेळी किक वाचवते आणि लोक समजतात, किकला बॅटरी लागतच नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला किक असली तरी तिचा पेट्रोल पंप बहुधा बॅटरीवरच चालतो, तिचं तर विचारूच नका.

आता प्रत्यक्ष कामाकडे. काही इंजिनांत किकची सोय मुळातच असते. यामाहा एक्सएस ६५० घ्या. १९७० ची एक्सएस-१ फक्त किकवर होती, १९७२ च्या एक्सएस-२ ला सेल्फ आला, पण किक तशीच राहिली. इथे काम काढण्याचंच आहे: मोटर आणि तिचे गिअर काढायचे आणि मोटरच्या जागी ओ-रिंगसकट (रबरी कड्यासकट) प्लेट बसवायची, नाहीतर ऑइल गळेल. किक कंपनीनेच दिली नसेल, तर आधी क्रँक केसला (इंजिनाच्या खालच्या कवचाला) किक शाफ्टची जागा ओतलेली आहे का, ते पाहायचं. असली तर शाफ्ट, गिअर, रॅचेट (एकाच दिशेने पकड घेणारं दातेरी चाक), रिटर्न स्प्रिंग, सील असा संच मिळवून इंजिन खोलायचं. नसली तर माझं मत सरळ आहे: नाद सोडा. भोसरीत लेथवाले कुशल आहेत, पण केस कोरून त्यात रॅचेट नेमक्या जागी बसवणं आणि ते हजारो किका टिकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिणगीचं टायमिंग जरा जास्त अॅडव्हान्स (लवकर) राहिलं तर किक उलटी मारते. मोठ्या एक-सिलिंडर इंजिनावर घोट्याचं काय होतं, ते बुलेटवाल्यांना विचारा.

बॅटरीपासून सुटका हवी असेल तर खर्च वायरिंगकडे वळवा. त्याच एक्सएस ६५० वर लोक मूळ आल्टरनेटर काढून कायम चुंबकाचा बसवतात, बॅटरीच्या जागी कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) लावतात आणि मग किकवर गाडी खरंच बिनबॅटरीची होते. नुसता सेल्फ उतरवून हे होत नाही.

कागदांचंही बघा. पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांखाली विंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ रूपात असावी लागते, इंजिनातले मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणून काढलेला सेल्फ, पुढे परत बसवता यावा यासाठी, जुन्या बाजारात विकू नका, घरातच जपून ठेवा.

आणि पैसे मोजण्याआधी एक फुकटची चाचणी करा. बॅटरीची वायर सोडा, प्लग काढून कॅपमध्ये बसवा आणि हेडला घट्ट टेकवा. चावी ऑन, गाडी डबल स्टँडवर, टॉप गिअर, आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग तिथून लांब धरा. ठिणगी दिसली तर गाडी बॅटरीवाचून चालण्यासारखी आहे. नाही दिसली तर किकचा संच घेण्याआधी चांगली बॅटरी घ्या.