आरक्षण (विकास योजनेतील)

शाळा, बाग, क्रीडांगण, दवाखाना, मंडई, स्मशानभूमी, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी शहराच्या विकास योजनेत (डेव्हलपमेंट प्लॅन किंवा ‘डीपी’: कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा) राखून ठेवलेली जमीन. महाराष्ट्रात या व्यवस्थेचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, 1966 हा आहे. ‘डीपीत आरक्षण पडलंय’ असे लोक म्हणतात तेव्हा जमीन महापालिकेची झालेली नसते. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव जुन्याच मालकाचे राहते. फक्त त्याला तिथे मर्जीप्रमाणे बांधता येत नाही. आरक्षणाचे बहुतेक ठराव आणि खटले या अधांतरी अवस्थेतूनच निघाले आहेत.

प्रारूप योजना तयार झाली की ती सर्वसाधारण सभेपुढे येते, प्रसिद्ध होते आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. त्यांची सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे 3 सदस्य आणि नगररचनेतील जाणकार म्हणून बाहेरून नेमलेल्या जास्तीत जास्त 4 व्यक्ती असतात. समितीच्या अहवालानंतर योजना पुन्हा सभागृहात येते आणि तिथून राज्य शासनाकडे जाते. अंतिम शब्द शासनाचा असतो. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन हा विषय नागरी संस्थांच्या 18 विषयांत आहे खरा, पण महाराष्ट्रात मंजुरीची किल्ली मंत्रालयातच राहिली. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 2015 मध्ये शासनाने तो महापालिकेच्या हातून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. मुंबईचे 2015 चे प्रारूप तर इतक्या टीकेचे धनी झाले की ते नव्याने करावे लागले. मंजुरी 2018 मध्ये मिळाली.

योजना मंजूर होणे हा सोपा भाग. पुढचा प्रश्न पैशाचा. 1966 च्या अधिनियमाच्या कलम 126 प्रमाणे जमीन तीन वाटांनी घेता येते: मालकाशी वाटाघाटी करून मोबदला देऊन, मोबदल्याऐवजी चटईक्षेत्र (जादा बांधकामाची परवानगी) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर: दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, किंवा शासनाला विनंती करून सक्तीच्या भूसंपादनाने. 2013 चा नवा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाल्यावर रोख मोबदला चांगलाच वाढला. तेव्हापासून महापालिकांचा कल मालकाला टीडीआर घ्यायला लावण्याकडे आणि मालकांचा कल रोख रक्कम मागण्याकडे, अशी ओढाताण बहुतेक शहरांत दिसते.

जागा घेतलीच नाही, तर मालकाच्या हाती कलम 127 आहे. अंतिम योजना अंमलात आल्यापासून 10 वर्षांत संपादन झाले नाही, तर मालकी हक्काची कागदपत्रे जोडून त्याला नोटीस बजावता येते. नोटिशीनंतर महापालिकेला मिळणारी मुदत मुळात 6 महिने होती. 2009 च्या दुरुस्तीने ती 1 वर्ष आणि 2015 च्या दुरुस्तीने 24 महिने झाली. या मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि शेजारच्या जमिनीवर जे चालते ते या जमिनीवरही करता येते. बागेच्या जागी इमारत उभी राहते ती अशी, पूर्णपणे कायदेशीर मार्गाने.

‘पावले’ म्हणजे नेमके काय, यावर वाद होणारच होता. मुदत संपायच्या तोंडावर सभा बोलवायची, ‘सदर जागा संपादन करण्यास मान्यता देण्यात येत आहे’ असा ठराव सूचक-अनुमोदकासह मंजूर करून घ्यायचा आणि प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडायचा, ही नेहमीची रीत. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात ती मोडीत काढली: नुसता ठराव आणि शासनाला पाठवलेले विनंतीपत्र म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. हा निकाल पालिकांना कडक वाटला, पण तो रास्त आहे. तरतूद नसलेल्या अंदाजपत्रकावर बेतलेल्या ठरावाने मालकाला आणखी किती वर्षे ताटकळत ठेवायचे?

आरक्षण बदलायचे किंवा उठवायचे असेल, तर योजनेचे मूळ स्वरूप बदलणार नाही इतपत फेरबदल कलम 37 खाली करता येतो. त्यासाठीही सभेचा ठराव, हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी लागते. सभागृहात मात्र खरा खेळ उपसूचनांचा, म्हणजे मूळ प्रस्तावात बदल सुचवणाऱ्या सूचनांचा असतो. विषयपत्रिकेवर एकच ओळ असते आणि ऐनवेळी वाचल्या न वाचल्याशा उपसूचनेतून एखाद्या सर्व्हे नंबरचे आरक्षण सरकते. इतिवृत्त हाती येईपर्यंत काय मंजूर झाले ते सदस्यांनाही धड ठाऊक नसते. बेकायदा किंवा सार्वजनिक हिताला बाधक ठराव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली शासन निलंबित करून विखंडित (रद्द) करू शकते. न्यायालयाचा दरवाजा वेगळाच. बंगळूरच्या राजमहल विलास एक्स्टेन्शनमधील उद्यानाची राखीव जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्ट खटल्यात रद्द ठरवला. तिथे दाद मागणारे परिसरातील रहिवासीच होते.

2022 पासून निवडणुका लांबल्याने मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत निवडून आलेल्या सभागृहाच्या जागी शासनाने नेमलेले प्रशासक आले. त्या काळात प्रस्ताव ठेवणारे आणि त्याला मान्यता देणारे कार्यालय एकच होते. उपसूचना थांबल्या, त्याबरोबर विरोधाचा सूरही थांबला.

मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआरबरोबर समावेशक आरक्षणही रूढ केले. यात मालक किंवा विकासक स्वखर्चाने ठरलेली सुविधा बांधून महापालिकेला मोफत देतो आणि उरलेल्या क्षमतेचा वापर स्वतःसाठी करतो. महापालिकेचा पैसा वाचतो. मात्र मंडई किंवा दवाखाना तळमजल्याच्या मागच्या बाजूला, गाडी वळायला जागा नसलेल्या बोळात निघणार नाही हे नकाशा मंजूर करतानाच पाहावे लागते. राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत (मुंबई तिच्या बाहेर आहे) आरक्षणाखेरीज आणखी एक साठा तयार होतो: 20,000 चौ.मी.पेक्षा मोठ्या भूखंडाच्या विकासात 5 टक्के जागा सार्वजनिक सोयींसाठी सुविधा क्षेत्र म्हणून सोडावी लागते. ताब्यात आलेल्या अशा जागा भाड्याने द्यायच्या तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 प्रमाणे सभेची मान्यता लागते, आणि मोबदला खुल्या स्पर्धेत मिळेल त्यापेक्षा कमी चालत नाही.