जीआर 65 आणि जीआर 651: फिजाक ते काओर, दोन वाटांतला फरक

"फ्रान्समध्ये आठवडाभर नदीच्या खोऱ्यातून चालायचंय. गाइड नको, पण पाठीवर ओझंही नको. कुठे जाऊ?" असं कुणी विचारलं की मी डोळे झाकून फिजाक ते काओर हा पट्टा सांगते. आठ दिवसांनी त्याच माणसाचा निरोप येतो, "बुकिंग झालं, जीआर 65." आणि मला पुन्हा फोन करावा लागतो. कारण त्याला हवी असते ती बहुतेक वेळा 651.

आकड्यांत एवढं साम्य की पुष्कळांना 651 ही छपाईतली चूक वाटते. पण या दोन वेगळ्या वाटा आहेत. (जीआर म्हणजे फ्रान्समधली खुणांनी आखलेली लांब पल्ल्याची पायवाट.) दोन्ही फिजाकहून निघतात, दोन्ही काओरला पोचवतात, आणि मधले दिवस अगदी निराळे जातात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवर ठळक अक्षरांत 'लॉतचं खोरं' असं लिहिलं होतं, शेजारी हिरव्या पाण्याचा फोटो होता. तिसऱ्या दिवशी दुपारी चुनखडीच्या पठारावर, ओकच्या खुरट्या झाडांत उभं राहून मी नदी शोधत होते. पठार सुंदरच होतं. फक्त मी त्याच्यासाठी आले नव्हते.

आधी नावांचा गुंता सोडवू. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये लॉत नावाची नदी आहे (शेवटचा 'त' उच्चारायचा) आणि तिच्याच नावाचा जिल्हाही आहे. त्यामुळे 'लॉतमध्ये चालणं' म्हणजे जिल्ह्यात कुठेही चालणं असू शकतं, नदीपासून पंधरा किलोमीटर लांबसुद्धा. सेले ही लॉतची उपनदी. फिजाक सेलेच्या काठी वसलंय, काओर लॉतच्या एका मोठ्या वळणात, आणि बुझिएस गावाजवळ सेले लॉतला मिळते. ही एवढी आकृती मनात असली की पुढचं सगळं सोपं होतं. जीआर 651 सेलेच्या खोऱ्यातून संगमापर्यंत जाते. तिथून जीआर 36 धरून लॉतच्या खोऱ्यातून काओर गाठायचं. जीआर 65 मात्र दोन्ही नद्यांना बाजूला ठेवून पठारावरून जाते. वाटेत काजार्क गावापाशी एकदा लॉतपर्यंत उतरते, पूल ओलांडते आणि पलीकडच्या पठारावर चढते. त्यानंतर नदी भेटते ती थेट काओरला.

मग 65 एवढी प्रसिद्ध का? कारण ती फ्रान्समधल्या ल प्युई गावाहून स्पेनमधल्या सांतियागोकडे जाणारी जुनी यात्रेची वाट आहे. ल प्युईचे बिशप गोदेस्काल्क 950 साली सांतियागोला निघाले होते, इतकी या प्रवासाची परंपरा जुनी. युनेस्कोने 1998 मध्ये फ्रान्समधल्या सांतियागोच्या वाटांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात पायवाटेचे सात तुकडे निवडले आणि त्यांतले दोन फिजाक-काओरच्या मध्ये, जीआर 65 वर आहेत: फेसेल ते काजार्क आणि बाश ते काओर. 651 ही त्याच यात्रामार्गाची पर्यायी वाट. म्हणूनच तिला 65 चा आकडा मिळाला आणि पुढे एक लागला.

खुणा सारख्याच, घोटाळा तिथेच

फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या वाटांना 'ग्रांद रांदोने' म्हणतात, त्याचं लघुरूप जीआर. त्यांची खूण म्हणजे झाडाच्या बुंध्यावर, दगडावर किंवा विजेच्या खांबावर रंगवलेल्या दोन आडव्या पट्ट्या, वर पांढरी आणि खाली लाल. वळण असेल तर खाली बाण. चुकीच्या वाटेवर लाल-पांढरी फुली. नुसती पिवळी पट्टी दिसली तर ती गावाभोवतीची छोटी फेरी, तिच्या मागे गेलात तर संध्याकाळी निघालात तिथेच परत याल. ही पद्धत 1947 पासूनची. आजही हजारो स्वयंसेवक ब्रश घेऊन या पट्ट्या ताज्या ठेवतात.

आता अडचण अशी, की 65 आणि 651 दोन्ही जीआर, म्हणून दोन्हींच्या पट्ट्या अगदी सारख्या. पट्टी 'तू वाटेवर आहेस' एवढंच सांगते, 'कुठल्या वाटेवर' ते सांगत नाही. फिजाक सोडल्यावर फेसेलपर्यंत दोघी एकत्रच असतात. पुढे बेद्युएरच्या परिसरात त्या फुटतात. तिथल्या पाटीवरचा आकडा थांबून वाचायचा. गप्पांच्या नादात पाटी हुकली, तर पुढचे कित्येक किलोमीटर लाल-पांढरी पट्टी तुम्हाला धीर देत राहील आणि तुम्ही मात्र भलत्या खोऱ्यात निघालेले असाल. तुमचं सामान गाडीनं एका गावी पोचलेलं, आणि तुम्ही दुसऱ्या गावी! फाट्यावर उभं राहून मोबाइलवरचा नकाशा एकदा बघणं, ही या आख्ख्या आठवड्यातली सगळ्यांत मोलाची दोन मिनिटं.

वरची वाट: कॉस

65 ज्या पठारावरून जाते त्याला तिथे 'कॉस' म्हणतात. कोकणातला सडा डोळ्यांसमोर आणा, फक्त जांभ्याच्या जागी पांढरट चुनखडी. दोन्ही बाजूंना कंबरेइतके रचीव दगडांचे गडगे, मातीचा किंवा चुन्याचा कणही न वापरता रचलेले. मधूनच तशाच रचीव दगडांची, शंकूसारख्या छपराची मेंढपाळाची खोपटी. डोळ्यांभोवती चष्म्यासारखी काळी वर्तुळं असलेल्या पांढऱ्या मेंढ्या. ग्रेआलू गावाजवळ वाटेलगत एक दोलमेन आहे, म्हणजे प्रचंड शिळा आडवी टाकून केलेलं अश्मयुगीन थडगं. सॅक उतरवून त्याच्याजवळ बसलं की यात्रेकरूंची हजार वर्षंही अलीकडची वाटायला लागतात.

पण पाणी नाही. चुनखडीत पाऊस ठरत नाही, भेगांमधून सरळ खाली उतरतो आणि भुयारी प्रवाहांतून दूरच्या खोऱ्यात बाहेर पडतो. सेले आणि लॉत भरून वाहतात त्याचं एक कारण हेच, की वरचं पठार कोरडं आहे. या दोन वाटांमधला खरा फरक इथे, जमिनीच्या पोटात आहे. वर राहणाऱ्या लोकांनी डबकी राखली, तळी बांधली. लिमोन्यच्या आसपास तळ्याकाठी धुण्याच्या दगडी शिळा अशा तिरक्या बसवल्यात, की त्यांना फुलपाखरू-धुणवठे म्हणतात.

चालणाऱ्यानं काय करायचं? प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी घेऊन निघायचं आणि गाव आलं की दफनभूमी शोधायची. फाटकाच्या आत बहुधा एक नळ असतो, थडग्यांवरच्या फुलझाडांसाठी. शेजारी 'ओ पोताब्ल' लिहिलं असेल तर पिण्याजोगं, 'पोताब्ल'च्या आधी 'नों' असेल तर नाही. पहिल्यांदा मला तिथे बाटली भरायला संकोच वाटला होता. आत फुलं बदलत असलेल्या आजीबाईंनीच हातानं नळ दाखवला, बाटली भरेपर्यंत उभ्या राहिल्या आणि "बोन रूत" म्हणाल्या. वाट सुखाची जावो.

चालायला ही वाट तुलनेनं सोपी. काजार्कचा उतार आणि त्यानंतरचा चढ सोडला तर फार वर-खाली नाही. सगळं मिळून अंतर साधारण 90 किलोमीटर. मुक्कामाच्या जागा जास्त, माणसंही जास्त. संध्याकाळी एकाच लांब टेबलावर दहा-बाराजण जेवायला बसतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातलेच चौघे पुन्हा वाटेत भेटतात. एकट्यानं जाणाऱ्याला हा मोठा आधार. शिवाय दिवे कमी असल्यानं या पठारावरचं रात्रीचं आकाश फ्रान्समधल्या सगळ्यांत काळोख्या आकाशांपैकी एक मानलं जातं. तेवढ्यासाठीसुद्धा मी परत जाईन.

खालची वाट: सेले

इथे दुसरा गैरसमज. खोरं म्हटलं की आपल्याला सपाट नदीकाठ वाटतो. जीआर 651 तशी मुळीच नाही. सेलेनं चुनखडी कापत खोल घळ केलीय, काठावर जागा अरुंद आणि ती बरीचशी डांबरी रस्त्यानं घेतलेली. म्हणून पायवाट कड्याच्या माथ्यावर चढते, पुढच्या गावी उतरते, पुन्हा चढते. दिवसाचा चढ 65 पेक्षा जास्त भरतो. ओल्या चुनखडीवर बूट सटकतात, म्हणून पावसाळी हवेत उतारावर काठ्या हव्यातच. गुडघे कुरकुरत असतील तर 'नदीची वाट सोपी' या समजुतीवर 651 निवडू नका.

बाकी सगळ्या बाबतींत ती माझी लाडकी आहे. एस्पान्याकला नदीच्या वळणात एक जुना मठ आहे, त्याचा घंटामनोरा लाकडी चौकटीत विटा भरून बांधलाय, एखाद्या घराचा वरचा मजला उचलून चर्चवर ठेवावा तसा. मार्सियाकला बेनेडिक्टिन मठाचे भग्न अवशेष आणि त्यांच्या आडोशाला शांत गाव. कड्यांच्या पोटातल्या कपारी दगडी भिंतींनी बंद करून लोकांनी आसरे केलेत. त्यांना आजही 'इंग्रजांचे किल्ले' म्हणतात, ती इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाची आठवण.

आणि पेश मेर्ल. काब्रेरे गावाच्या वरच्या टेकडीतली ही गुहा 1922 मध्ये गावातल्या दोन पोरांनी शोधली. गावचे पाद्री आबे लमोझी यांनी त्यांना गुहा धुंडाळण्याचा नाद लावला होता. आदिमानवाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेली लास्कोची गुहा 1963 पासून सर्वसामान्यांसाठी बंद आहे, तिथे प्रतिकृती बघायला मिळते. पेश मेर्लमध्ये आजही मूळ चित्रासमोर उभं राहता येतं. दोन घोडे, विरुद्ध दिशांना तोंडं केलेले, एकमेकांवर थोडे चढलेले, अंगभर काळे ठिपके. उजवीकडच्या घोड्याचं डोकं कुणी घडवलेलं नाही, खडकाचाच कंगोरा तसा आहे, आणि चित्रकाराला तो दिसला. ठिपके घोड्याच्या अंगावर थांबत नाहीत, बाहेरही सांडतात. भोवती हातांच्या आकृत्या, तळवा भिंतीवर ठेवून सभोवार रंग फुंकलेला. हे चित्र सुमारे 29,000 वर्षांपूर्वीचं मानतात. अभ्यासक मिशेल लोर्ब्लांशे यांनी तोंडात रंग धरून, फुंकून, असं चित्र कसं होत असेल ते स्वतः करून पाहिलं होतं. मी त्या हातांसमोर उभी होते तेव्हा माझा हात आपोआप वर आला. अर्थातच शिवायचं नसतं, मी तो खिशात घातला.

गुहेत दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतात, म्हणून तारीख आणि वेळ आधी राखून ठेवा आणि मगच मुक्काम ठरवा. उलटं केलंत तर दारापर्यंत जाऊन परत फिरावं लागेल.

बुझिएसला संगम झाला की लॉतच्या काठी कड्यात खोदलेली एक वाट लागते. एकोणिसाव्या शतकात होड्या दोरानं ओढून नेण्यासाठी ती कोरली. डोक्यावर खडकाचं छत, एका हाताला पाणी. या वाटेनं सँ-सिर्क-लापोपीला जाता येतं. ते नदीपासून शंभरेक मीटर उंच कड्यावरचं गाव. दुपारी पर्यटकांनी भरून जातं, म्हणून तिथेच रात्रीचा मुक्काम करा आणि गल्ल्या सकाळी बघा.

'सेल्फ-गाइडेड' म्हणजे नेमकं काय

राहण्याच्या जागा आधी ठरलेल्या, मोठी बॅग रोज गाडीनं पुढच्या मुक्कामी, हातात वाटेचा तपशील आणि नकाशा, अडचणीला एक फोन नंबर. चालताना मात्र आपले आपण. दोन्ही वाटांवर हे जमतं. बॅगेला चिठ्ठी बांधून सकाळी आठच्या आत दाराशी ठेवायची. चिठ्ठीवर गावाचं आणि घराचं नाव स्वतः वाचून घ्या, वाटेचा आकडाही. 651 वर मुक्काम मोजके आहेत, म्हणून मे आणि सप्टेंबरसाठी काही महिने आधी हालचाल करावी. सगळ्या रात्रींच्या बुकिंगचे कागद शेंगेन व्हिसाच्या अर्जालाही कामी येतात.

जेवण बहुतेक ठिकाणी मुक्कामातच मिळतं. हा बदकाच्या मांसाचा मुलूख, तेव्हा शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा, आदल्या संध्याकाळी सांगू नका. वेळेवर कळवलं तर रोकामादूरचं बकरीचं चीज, अक्रोड, मसुराची कोशिंबीर, अंडी असं छान ताट येतं. सेलेच्या वाटेवर दुकानं विरळ, म्हणून दुपारचा डबा मुक्कामावरूनच बांधून घ्यायचा.

ऋतूचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये 65 टाळा, पठारावर सावली नाही. त्या दिवसांत जाणं भागच असेल तर 651 घ्या, पहाटे निघा आणि दुपारी सेलेत पाय सोडून बसा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दोन्ही छान. शरद ऋतूत ओक पिवळे होतात, पण शिकारीचा हंगामही असतो, तेव्हा अंगात काहीतरी भडक रंगाचं हवं.

पहिल्यांदाच लांबचं चालणार असाल, एकटे असाल किंवा यात्रेचा मार्ग म्हणून चालायचं असेल, तर 65. रोजच्या चढ-उतारांची सवय असेल आणि नदी, कडे, गुहा हवी असेल, तर 651. एक-दोन दिवस जास्तीचे धरा, पेश मेर्ल आणि सँ-सिर्कला अर्धा-अर्धा दिवस सहज जातो.

दोन्ही वाटा काओरला पोचल्या की पुढे पश्चिमेला जाणारी जीआर 65 व्हालांत्रे पुलावरून जाते. 1308 मध्ये या पुलाचं काम सुरू झालं. त्याचे तीन मनोरे लांबूनच दिसतात. मधल्या मनोऱ्याच्या कोपऱ्यावर, वरच्या बाजूला, एक छोटा दगडी सैतान दगड उपटायचा प्रयत्न करत लटकलाय. बांधकामाच्या करारात फसल्यामुळे तो रोज रात्री तिथला दगड पाडायचा, अशी दंतकथा. 1879 च्या डागडुजीत वास्तुविशारद पॉल गू यांनी त्याचं शिल्पच तिथे बसवून टाकलं. पुलाखालून वाहणाऱ्या लॉतमध्ये तोवर सेलेचं पाणी मिसळलेलं असतं.