ब्रेकमधील एअर काढणे

हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा बाहेर काढून त्या जागी ब्रेक ऑइल भरण्याचे काम. यालाच ब्लीडिंगही म्हणतात. सोलापुरात कार, जीप, छोटा टेम्पो यांना ते लागते. एसटी आणि मोठे ट्रक हवेच्या दाबावरच्या ब्रेकवर चालतात, त्यांची दुरुस्ती वेगळी.

ब्रेक ऑइल जवळजवळ दबत नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. हवा दबते. तिने जोर खाल्ला की पेडल स्पंजसारखे मऊ लागते. दोन-तीन पंप मारले की ते वर येते, पण त्या भरवशावर गाडी रस्त्यावर काढू नये. पेडल खूप खाली जाऊन तिथे कडक लागत असेल, तर बहुधा ड्रमचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग, सैल असतात. ते ॲडजस्ट करावेत.

ब्रेक ऑइल साठवायच्या डबीतले ऑइल संपत आले, सिलिंडरचे रबर गळू लागले किंवा होज बदलताना नळी उघडली की हवा शिरते. ऑइल उकळून नळीत वाफ झाली तरी ती हवेसारखीच दबते, पण ते प्रकरण निराळे. सोलापूरचा मे महिना चाळिशीपार जातो, पण ऑइल उकळते ते त्या उन्हाने नव्हे. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला की डिस्क तापते आणि ती उष्णता डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरमधल्या ऑइलला लागते. डॉट 3 या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावरची मर्यादा 140. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठीक वाटते, तरी सगळे ऑइल बदलणे भाग आहे.

कामाला दोन माणसे लागतात. इंजिन बंद. पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून लांबचे चाक आधी: साधारणपणे मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये पाहावा. चाकाच्या ब्रेकवर हवा सोडायला असलेल्या निप्पलवरची धूळ पुसून रिंग पाना घालावा, पारदर्शक नळी चढवावी आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. आतला माणूस तीन-चार पंप मारून पेडल दाबून धरतो आणि ‘धरला’ म्हणतो. बाहेरचा निप्पल अर्धा आटा सोडतो. पेडल खाली जाते. निप्पल आवळल्यावरच ‘सोड’ म्हणायचे. पाय आधी उचलला तर आट्यांतून हवा परत आत ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया. नळीत आधी मोठे बुडबुडे येतात, मग बारीक फेस, शेवटी अखंड धार. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा; एरवी न वापरलेल्या, गंजलेल्या भागात जाऊन मास्टर सिलिंडरचे रबर फाटते.

दर चार-पाच पंपांनंतर डबी भरावी. ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात. बाटलीत आलेले ऑइल परत ओतू नये. इंजिन ऑइल किंवा डिझेल चुकूनही नको, रबर फुगते. रंगावर ऑइल सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

कितीही ऑइल काढले तरी पेडल मऊच राहिले, तर कॅलिपर डावे-उजवे उलटे बसलेत का ते पाहावे: निप्पल खाली आले की हवा वरच अडकते. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे ऑइलचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात, हवा गेली असेल तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर जोडूनच ती निघते. शेवटी इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे. हळूहळू खाली बसत गेले तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे.