समुद्राने पुसलेला लाल रंग

‘गेल्डरमाल्सेन’ हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज चहा घेऊन चीनमधल्या कँटन बंदराहून मायदेशी निघालं होतं. ३ जानेवारी १७५२ रोजी ते दक्षिण चीन समुद्रात खडकावर आदळून बुडालं. ११२ पैकी ८० माणसं गेली. १९८५ मध्ये जहाजाचे अवशेष सापडले आणि त्यातून चिनी मातीची सुमारे दीड लाख भांडी वर आली. पेट्यांमधल्या चहाचा जाड थर त्यांच्यावर बसला होता. त्या थरानेच त्यांना सव्वादोनशेहून अधिक वर्षं जपलं.

त्यातल्या ताटांवरची निळी नक्षी आजही काल काढल्यासारखी दिसते. पण ज्या ताटांवर निळ्याच्या जोडीला लाल आणि सोनेरी फुलं होती, तिथली लाल-सोनेरी फुलं बहुतेक गेली आहेत. ताट उजेडात तिरकं धरलं, तर पाकळ्यांचा पुसट ठसा तेवढा दिसतो. ताट एकच, समुद्र एकच; मग एक रंग टिकला आणि दुसरा का गेला?

निळा रंग कोबाल्टचा. चीनमधल्या जिंगडेझेन या गावचे कारागीर तो कच्च्या, वाळलेल्या भांड्यावरच कुंचल्याने काढत, वरून ग्लेझचा थर चढवत आणि भांडं सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजत. एवढ्या धगीत बहुतेक रंग बिघडतात, कोबाल्ट मात्र तग धरतो. ग्लेझ वितळून त्याची काच होते आणि निळी नक्षी त्या काचेखाली कायमची बंद होते. समुद्राचं पाणी तिथवर पोचतच नाही.

या भट्टीत भांड्याच्या अंगातही मोठा बदल होतो. माती दोन जिनसांची: पांढरी केओलिन आणि एका दगडाची पूड. दगडातला भाग वितळून काच बनतो, आणि त्या काचेत मुलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे बारीक स्फटिक वाढून तिला बळकटी देतात. फ्रेंच जेझुइट पाद्री दांत्रकोल यांनी १७१२ मध्ये जिंगडेझेनची ही कृती सविस्तर पत्रात लिहून कळवली. तिथले लोक केओलिनला भांड्याची हाडं म्हणत. आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी मातीचीच म्हणतो, पण ती जात वेगळी. बरणीतून उजेड आरपार येत नाही. पोर्सेलिनच्या, म्हणजे अस्सल चिनी मातीच्या, पातळ कपामागे बोट धरलं तर त्याची सावली दिसते.

आता लाल रंग. लोहाचा लाल १३०० अंशांत टिकत नाही. म्हणून तो शिसं घातलेल्या, लवकर वितळणाऱ्या काचेत मिसळून भाजून झालेल्या भांड्यावर लावत आणि पुन्हा सातशे-आठशे अंशांवर भाजत. हा रंग ग्लेझच्या वर बसतो, उघडा. खाऱ्या पाण्याने त्यालाच झिजवलं.

मला खरं मोल वाटतं ते या कमी तापमानाचं. त्याला जिंगडेझेनच्या प्रचंड भट्ट्या लागत नाहीत, छोटी भट्टी पुरते. म्हणजे रंगकाम कुठेही करता येतं, अगदी बंदराजवळही. अठराव्या शतकात कोरी पांढरी भांडी होडीने नदीतून, मेइलिंगच्या खिंडीत हमालांच्या खांद्यावरून आणि पुन्हा होडीने कँटनला येत. युरोपातली घराणी आपलं कुलचिन्ह कागदावर काढून पाठवत, आणि कँटनचे चितारी ते रेषेबरहुकूम ताटावर उतरवत. अक्षरं वाचता येत नसतानाही त्यांची वळणं ते हुबेहूब गिरवत. त्या हातांबद्दल मला फार आदर वाटतो. सगळी मागणी जिंगडेझेनला पाठवावी लागली असती, तर एवढी फर्माइशी भांडी वेळेत बनणं कठीणच होतं.

१७२० च्या दशकात या रंगांत गुलाबीची भर पडली, आणि तो चक्क सोन्याचा! काचेत विखुरलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण हिरवा प्रकाश शोषून घेतात, म्हणून उरलेला उजेड आपल्याला गुलाबी दिसतो. फार थोडं सोनं पुरतं. कण फार मोठे झाले, तर रंग जांभळट होतो. आज ज्याला आपण नॅनोकण म्हणतो, ते कँटनचे चितारी कुंचल्याने गुलाबाच्या पाकळ्यांत भरत होते.