दोष बोंडातला की सरकीतला?

माझ्या घराच्या ओट्यावर लोक कॅन्सरचे रिपोर्ट घेऊन येतात. मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. गाठीचे तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे पातळ पापुद्रे कापायचे, काचपट्ट्या रंगवायच्या, यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो, तेव्हापासून आजूबाजूच्या दहा-बारा गावांना माहीत झालंय की भाऊ रिपोर्ट वाचून सांगतात. आधी रिपोर्ट एका पानाचा असायचा. गाठ कोणत्या जातीची, ग्रेड किती, कडा मोकळ्या आहेत का, संपलं. आता चार-सहा पानं येतात, त्यात जीनची, म्हणजे जनुकांची नावं असतात, आणि एक शब्द ठळक छापलेला असतो: म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल.

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन घरं आली.

पहिल्या घरात वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर, बिडी-सिगारेट कधीच नाही. रिपोर्टात ‘ईजीएफआर म्युटेशन आढळले’; ईजीएफआर हे एका जीनचं नाव. मुलीचं लग्न जुळलेलं. कुणीतरी रिपोर्ट वाचून ‘जीनमध्ये दोष आहे’ एवढं सांगितलं, ते सोयऱ्यांपर्यंत पोचलं आणि तिकडून निरोप येणं थांबलं. आई विचारत होती, “भाऊ, हे रक्तातलंच न? मंग पोरीलेही येईन काय?”

दुसऱ्या घरात आईला अंडाशयाचा कॅन्सर. गाठीच्या तपासणीत बीआरसीए-१ या जीनमध्ये बदल सापडलेला. त्यावर गोळी सुरू झाली, गोळी लागू पडली, घर निश्चिंत. दोन मुली, एक मुलगा. “गाठीत सापडलं म्हणे, गाठ तर काढली,” असं मोठी मुलगी म्हणाली. दोन वर्षांत कुणीही या मुलांना रक्त तपासायला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

पहिलं घर कारण नसताना भ्यालं होतं. दुसरं, भ्यायला कारण असताना निवांत होतं. दोन्ही रिपोर्टांत शब्द एकच होता.

मी त्यांना पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं उदाहरण दिलं, तेच इथे देतो. झाडावरचं एक बोंड किडलं, तर नुकसान त्या बोंडाचं. शेजारचं बोंड चांगलं असू शकतं आणि त्यातली सरकीही. पण लावलेल्या सरकीतच दोष असेल तर त्या झाडाच्या मुळात, पानात, प्रत्येक बोंडात तो असणार, आणि पुढच्या सरकीत उतरण्याची शक्यताही असणार. माणसाच्या शरीरात जन्मानंतर, एखाद्या पेशीत झालेला बदल हा बोंडातला. त्याला रिपोर्टात ‘सोमॅटिक’ म्हणतात. आईच्या बीजातून किंवा वडिलांच्या शुक्राणूतून आलेला, म्हणून अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेला बदल हा सरकीतला. त्याला ‘जर्मलाइन’ म्हणतात. पहिला मुलांकडे जात नाही. दुसरा प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी.

बहुतेक कॅन्सर बोंडातलेच असतात. साधारण पाच ते दहा टक्केच कॅन्सर जन्मजात बदलाच्या जोरावर होतात. एका घरात तिघांना तोंडाचा कॅन्सर झाला की आपल्याकडे लगेच ‘घराण्यातच आहे’ म्हणतात. पण त्या घरात बाप, काका आणि थोरला मुलगा तिघेही सकाळपासून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटत असतील, तर घराण्यात चालत आलेली गोष्ट म्हणजे ती खर्र्याची पन्नी आहे. २०१३ साली भारतीय शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटानं गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेतल्या कॅन्सरचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्रा आपण ठेवतो ती हीच खाच. आधी ५० रुग्णांची आणि मग पडताळणीसाठी आणखी ६० रुग्णांची तपासणी झाली. टीपी-५३, एफएटी-१, कॅस्प-८, नॉच-१ अशा जीनमध्ये वारंवार बदल दिसले आणि यूएसपी९एक्ससारखी काही नवी नावंही पुढे आली. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. त्यांनी प्रत्येक रुग्णाची गाठ त्याच रुग्णाच्या रक्ताशी ताडून पाहिली. गाठीत आहे आणि रक्तात नाही, तो बदल तोंडातच, आयुष्यात पुढे कधीतरी झालेला. बोंडातला.

आता घोळ होतो तो इथे. लोक, आणि कधी कधी शिकलेले लोकही, जीनचं नाव पाहून ठरवतात. बीआरसीए म्हटलं की आनुवंशिक, दुसरं काही असलं की नाही. असं नाही. टीपी-५३ घ्या. अंडाशयाच्या कॅन्सरच्या सर्वाधिक आढळणाऱ्या आक्रमक प्रकारात, हाय ग्रेड सिरस कार्सिनोमात, २०११ च्या अमेरिकी कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पानं ३१६ गाठींचे जीन वाचले तेव्हा ९६ टक्क्यांत या जीनमध्ये बदल होता, आणि तो बहुतांशी गाठीपुरताच. पण हाच टीपी-५३ जन्मतः बिघडलेला असेल तर ली-फ्रॉमेनी नावाचा दुर्मीळ आजार होतो. त्यात एकाच घरात लहान वयापासून हाडांचे, स्नायूंचे, मेंदूचे, स्तनांचे कॅन्सर दिसतात. जीन एक, गोष्टी दोन. उलट बीआरसीए-१ मधला बदलही कधी केवळ गाठीतच झालेला असतो.

मग नमुन्यावरून ठरवावं का? थोडंफार. मेणाच्या ठोकळ्यातून, म्हणजे ब्लॉकमधून तपासणी झाली असेल तर ती गाठीची. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रक्तावर किंवा लाळेवर आनुवंशिक तपासणी झाली असेल तर ती तुमच्या स्वतःच्या जीनची. पण गाठ तुमच्याच शरीराची असते, म्हणून सरकीतला दोष गाठीतही बहुधा दिसतो. नुसती गाठ तपासून तो कुठला हे ठामपणे सांगता येत नाही. दुसऱ्या घराचं तेच झालं. गाठीत बीआरसीए-१ सापडला म्हणजे तो गाठीतलाच, हा समज चुकीचा. तो जन्मजात आहे की नाही हे वेगळी रक्ततपासणी केल्यावरच कळतं, आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ती करावीच असा जगभरचा सल्ला आहे. काही रिपोर्टांत बदलाचं प्रमाण टक्क्यांत दिलेलं असतं. ते पन्नासच्या आसपास असलं तर जन्मजात असण्याचा संशय घेतात, कारण आपल्याकडे प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात आणि त्यातली एक बिघडलेली असते. तरीही तो संशयच. गाठीतल्या पेशी किती आणि चांगल्या पेशी किती, यावर तो आकडा हलतो.

रक्त म्हटलं की आनुवंशिक, असंही नाही. हल्ली गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे शोधतात, त्याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. नमुना रक्ताचा, पण माहिती गाठीची. शिवाय वय वाढतं तशा आपल्या अस्थिमज्जेतल्या काही पेशींमध्ये आपोआप बदल साचतात आणि त्या पेशींची संख्या वाढत जाते. २०१४ साली मोठ्या अभ्यासांत हे दिसून आलं की सत्तरीच्या पुढे साधारण दहांत एका माणसाच्या रक्तात असे बदल असतात, कॅन्सर नसतानाही. टीपी-५३ चा बदल म्हाताऱ्या माणसाच्या रक्तात सापडला तर तो आईबापांकडून आलेला असेलच असं नाही. मग कातडीच्या पेशींवर पुन्हा तपासणी करतात. हे वाचून मी स्वतः चकित झालो होतो, कारण आम्ही नोकरीत असताना रक्त म्हणजे माणसाचं मूळ असंच धरून चालायचो.

आपल्या भागात आनुवंशिक शब्द ऐकला की माणूस सिकलसेलचा विचार करतो. साहजिक आहे, यवतमाळ-गडचिरोलीपर्यंत आशाताईंनी घरोघरी ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे आजारी, हे समजावून सांगितलंय. पण सिकलसेलचं गणित इथे जसंच्या तसं लावलं की चूक होते. सिकलसेलमध्ये दोन्ही पालक एएस असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक, आणि एएस माणूस बहुधा धडधाकट असतो. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी महत्त्वाची. बीआरसीएमध्ये एका पालकाकडून एक बिघडलेली प्रत आली तरी पुरे, जोडीदाराची तपासणी करून ते टळत नाही. आणि येते ती धोक्याची वाढ, आजार नाही. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात, जो मुख्यतः पाश्चात्त्य घरांवर झाला होता, बीआरसीए-१ असलेल्या बायकांना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७२ टक्के आणि अंडाशयाचा ४४ टक्के निघाली. बीआरसीए-२ मध्ये ती ६९ आणि १७. आकडे मोठे आहेत, पण शंभर नाहीत, आणि हातात करण्यासारखं बरंच असतं. लवकर सुरू केलेली एमआरआय आणि मॅमोग्राफी, मुलंबाळं झाल्यावर पस्तीस-चाळीसच्या सुमारास अंडाशय आणि नळ्या काढण्याचा विचार. सिकलसेलचं कार्ड वागवणारी माणसं आपल्यात लाजत नाहीत, मग इथेच तोंड लपवायचं कारण काय, हे मला खरोखर समजत नाही.

आणखी एक आपल्याकडची अडचण. बाईचा आजार म्हटला की लोक आईकडच्या बायका मोजतात, आई, आजी, मावशी. आत्या सुटते. बीआरसीए बापाकडूनही तितकाच येतो. पुरुषाला स्वतःला काही झालेलं नसतं, म्हणून तो दोष एक पिढी दिसतच नाही. शिवाय पुरुषालाही प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा आणि क्वचित स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो, विशेषतः बीआरसीए-२ मध्ये. वंशावळ काढायची तर दोन्ही बाजूंची काढा, आणि कोणाला कितव्या वर्षी झालं ते लिहा. वय सगळ्यात जास्त बोलतं.

लहान मुलांचं एकच सांगतो. डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा, यावरूनच अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये हा सगळा उलगडा केला. ज्या मुलांना दोन्ही डोळ्यांत आणि लवकर आजार होतो, त्यांच्यात एक फटका, म्हणजे जीनच्या एका प्रतीतला बिघाड, जन्मतः बसलेला असतो, दुसरा नंतर बसतो. एका डोळ्यात आणि उशिरा होतो, तिथे बहुधा दोन्ही फटके त्या एकाच पेशीत नंतर बसलेले असतात. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये लेकराच्या एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी चमकली, तर आठवडी बाजाराची वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

रिपोर्टात कधी ‘व्हीयूएस’ लिहिलेलं असतं. म्हणजे बदल दिसला, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. त्यावर ऑपरेशन ठरवू नका, कुणाला घाबरवूही नका. जागतिक माहितीसाठ्यांत भारतीय माणसं कमी असल्यामुळे आपल्याकडे हा शेरा जास्त येतो.

औषधाच्या बाजूनं बघितलं तर कधी कधी दोन्हींत फरक उरत नाही, आणि घोळ वाढायला तेही एक कारण आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ओलापॅरिबसारखी गोळी बीआरसीएचा बदल गाठीतला असो की जन्मजात, दोन्हीकडे वापरतात. त्यामुळे उपचार करणाऱ्याचं काम गाठीच्या रिपोर्टावर भागतं. घराचं भागत नाही. डॉक्टर समोरच्या रुग्णाचा विचार करतो, आणि तो केलाच पाहिजे, पण रुग्णाच्या मागे रांगेत उभी असलेली मुलं त्याला दिसत नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला हा प्रश्न पाठ करायला लावतो: “साहेब, हा बदल गाठीतला आहे की जन्मजात, आणि हे कशावरून ठरवलं?” उत्तरात ‘बघू’ आलं तर जेनेटिक समुपदेशकाकडे पाठवायला सांगा. आणि मेणाचा ठोकळा जपा. त्याचा नंबर रिपोर्टावर असतो.

पहिल्या घराचं काम सोपं होतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमधला ईजीएफआरचा बदल जवळजवळ नेहमी गाठीपुरताच असतो. बिडी न ओढणाऱ्यांत तो जास्त सापडतो, आणि भारतात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारात साधारण चारांत एकाला तरी असतो. तो २००४ मध्ये ओळखला गेला आणि त्यावर गोळ्या आहेत, म्हणजे तो सापडणं ही रुग्णाच्या दृष्टीनं बरी बातमी. मी मुलीच्या मामासोबत सोयऱ्यांच्या गावी गेलो, त्यांच्या अंगणात बसून दोन कागद समोर ठेवले आणि बोंड आणि सरकी पुन्हा सांगितली. मुलाची आजी म्हणाली, “मंग हे आधी काहून नाई सांगतलं?” लग्न फेब्रुवारीत झालं.

दुसऱ्या घराला वेळ लागला. आईच्या रक्तात बीआरसीए-१ निघाला, सरकीतलाच. मोठ्या मुलीतही निघाला, तिची दर वर्षीची तपासणी सुरू झाली आहे. धाकटीत नाही, ती रिपोर्ट हातात घेऊन रडली, बहिणीसाठी. मुलगा अजून गेलेला नाही. “सोयाबीन निघालं का जातो,” म्हणतो. हे बायकांचं आहे असं त्याला अजून वाटतं. त्याला दोन लहान मुली आहेत, म्हणून मी त्याच्या मागे लागलो आहे.