बर्लिनची भिंत : दोन महासत्तांच्या ओढाताणीत एक शहर कसं चिरलं गेलं

बर्लिनची भिंत म्हणजे १३ ऑगस्ट १९६१ ला सुरू झालेली आणि ९ नोव्हेंबर १९८९ ला निकामी झालेली सीमाबंदी, जिने पश्चिम बर्लिनला चहूबाजूंनी वेढलं होतं. एकूण लांबी साधारण १५५ किमी, त्यातले ४३ किमी थेट शहराच्या पोटातून, रस्ते, घरं, कब्रस्तानं, रेल्वेलाइनी जे मधे येईल ते कापत गेलेले. बांधली पूर्व जर्मनीच्या सरकारने, हिरवा कंदील दाखवला मॉस्कोने, आणि अमेरिका-ब्रिटन-फ्रान्स या तिघांनी निषेधाचे खलिते पाठवले पण ती पाडायला कोणी गेलं नाही. या तीन गोष्टी एकत्र बघितल्या तरच भिंत का झाली ते समजतं. कम्युनिझम विरुद्ध भांडवलशाही एवढंच उत्तर दिलं तर ते अपुरं आहे कारण या दोन विचारसरणी तर जगभर समोरासमोर उभ्या होत्या, मग शहराच्या मधोमध अशी भिंत इथेच का?

थोडक्यात सांगायचं तर बर्लिनमध्ये तीन गोष्टी एकाच वेळी जमून आल्या. दोन्ही सत्तांचं सैन्य शहरात होतं आणि माघार कोणालाच परवडणारी नव्हती. अणुबॉम्बमुळे लढाई करणंही परवडणारं नव्हतं. आणि शहराच्या आतली हद्द उघडी असल्यामुळे एका बाजूची माणसं रोज हजारांच्या हिशोबात दुसरीकडे निघून चालली होती. युद्ध नको, माघारही नको, मग ताण निघणार कुठून, तो तिथे राहणाऱ्या लोकांवर निघाला.

आधी नुसती कागदावरची रेघ

सप्टेंबर १९४४ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच, लंडनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी जर्मनीचे झोन, म्हणजे कोणाच्या ताब्यात कोणता भाग राहील ते, ठरवले, फ्रान्सला नंतर त्यातून वाटा मिळाला. बर्लिन पूर्णपणे सोव्हिएत झोनच्या आत पडत होतं, सगळ्यात जवळचा पश्चिमी झोनही साधारण १६० किमी लांब, पण राजधानी म्हणून तिच्यात सगळ्यांना हिस्सा हवा होता. शहराचे २० प्रभाग होते, त्यातले ८ सोव्हिएत, ६ अमेरिकन, ४ ब्रिटिश आणि २ फ्रेंच असे वाटले गेले. हे करताना १९२० मध्ये ग्रेटर बर्लिन तयार झालं तेव्हाचेच प्रभाग, १९३८ मध्ये सुधारलेल्या हद्दींसह, वापरले. कचरा कोणी उचलायचा आणि शाळा कोणी चालवायची यासाठी आखलेल्या या रेघा, त्यांच्यावर पुढे जगातली सगळ्यात कडक सीमा उभी राहील असं तेव्हा कोणाच्या मनातही नसणार. बर्नाउअर स्ट्रासे या रस्त्यावर तर रस्ता आणि फुटपाथ फ्रेंच सेक्टरमध्ये (म्हणजे शहराच्या फ्रेंच ताब्यातल्या भागात) आणि दक्षिणेकडच्या बिल्डिंगा सोव्हिएत सेक्टरमध्ये अशी स्थिती होती.

पहिला मोठा तडाखा बसला तो पैशावरून. जून १९४८ मध्ये पश्चिमी झोनमध्ये नवीन डॉइच मार्क आला, सोव्हिएत बाजूने आपलं वेगळं चलन काढलं, आणि २४ जूनपासून पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे, कालवे सगळं बंद केलं. जमिनीवरून ये-जा करायच्या हक्काचा पक्का लेखी करार पश्चिमेकडे नव्हता पण तीन हवाई मार्गांचा मात्र १९४५ मध्येच झालेला होता, म्हणून शहराला लागणारा माल विमानांनी आणायला सुरुवात झाली. १२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली, विमानं सप्टेंबरपर्यंत येतच राहिली, पावणेतीन लाखांच्या वर फेऱ्या आणि सुमारे २३ लाख टन माल, त्यात सगळ्यात जास्त कोळसा. याच काळात महापालिकाही फुटली आणि १९४८ संपताना बर्लिनला दोन वेगळी प्रशासनं, दोन पोलीसदलं आणि दोन चलनं होती. मे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनी असे दोन देशच झाले. म्हणजे भिंतीच्या बारा-तेरा वर्षं आधीच शहर कागदोपत्री दुभंगलेलं होतं, फरक इतकाच की माणूस तिकीट काढून लोकलने या बाजूचा त्या बाजूला जाऊ शकत होता, पन्नास हजारांहून जास्त पूर्व बर्लिनकर तर रोज पश्चिमेला कामाला जात होते.

उघडं दार

१९५२ मध्ये पूर्व जर्मनीने पश्चिम जर्मनीबरोबरची लांबलचक सीमा तारा लावून बंद केली. राहिलं फक्त बर्लिन. ड्रेस्डेन किंवा लाइपझिगच्या माणसाने पूर्व बर्लिनपर्यंत यायचं, एस-बान नावाची लोकल पकडायची, दोन-चार स्टेशनं पुढे उतरायचं आणि मारियेनफेल्डेच्या निर्वासित छावणीत नाव नोंदवायचं, तिथून विमानाने पश्चिम जर्मनीत. १९४९ ते १९६१ मध्ये असे सुमारे २७ लाख लोक गेले आणि तेही जेमतेम पावणेदोन कोटी लोकांच्या देशातून! त्यात डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, कसबी कामगार आणि तरुण पोरं खूप, म्हणजे ज्यांच्या जिवावर देश उभा राहतो तेच. १७ जून १९५३ ला कामगारांचा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, १९६० मध्ये शेतकऱ्यांना जबरदस्तीने सामूहिक शेतीत ढकललं, आणि अशा प्रत्येक धक्क्यानंतर जाणाऱ्यांचा आकडा वाढत गेला. एकट्या जुलै १९६१ मध्ये तीस हजारांवर लोक निघून गेले.

पूर्व जर्मनीचा नेता वॉल्टर उलब्रिश्ट हे दार बंद करा म्हणून मॉस्कोच्या मागे लागला होता. सोव्हिएत नेता ख्रुश्चेवला घाई नव्हती कारण त्याच्या दृष्टीने पश्चिम बर्लिन ही अमेरिकेची दुखरी नस होती, हवी तेव्हा दाबता येण्यासारखी. नोव्हेंबर १९५८ मध्ये त्याने सहा महिन्यांची मुदत दिली की पश्चिमी फौजांनी बर्लिन सोडावं आणि ते सैन्य नसलेलं 'मुक्त शहर' व्हावं. मुदत आली, गेली, काही झालं नाही. जून १९६१ मध्ये व्हिएन्नात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि ख्रुश्चेव भेटले, तिथेही हाच विषय, तीच धमकी. मग २५ जुलैला केनेडीने टीव्हीवर भाषण केलं, सैन्य वाढवायची घोषणा केली आणि आपले हक्क सोडणार नाही म्हणून ठणकावलं, मात्र सगळं बोलणं पश्चिम बर्लिनबद्दल होतं, अख्ख्या बर्लिनबद्दल नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा हाच आहे. मॉस्कोला त्यातून कळलं की पश्चिम भागाला हात लावला तर युद्ध होईल, पण पूर्व भागात काहीही केलं तरी होणार नाही.

लष्करी हिशोबही तसाच होता. पश्चिम बर्लिनमध्ये तीन देशांचे मिळून दहा-बारा हजार सैनिक आणि आजूबाजूला पूर्व जर्मनीत लाखो सोव्हिएत सैनिक. तिथे साध्या हत्यारांनी लढून शहर राखता येणार नव्हतं, म्हणजे गोष्ट थेट अणुबॉम्बपर्यंत जाणार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मॉस्कोत वॉर्सा करारातल्या, म्हणजे सोव्हिएत लष्करी गटातल्या, देशांच्या नेत्यांची बैठक झाली आणि सीमा बंद करायला संमती मिळाली. त्याआधी १५ जूनला उलब्रिश्टने पत्रकार परिषदेत, भिंत बांधायचा कोणाचाही इरादा नाही, असं सांगितलेलं होतं.

१३ ऑगस्ट आणि नंतर

शनिवारची रात्र संपून रविवार लागला आणि मध्यरात्रीनंतर सशस्त्र पोलीस आणि कामगारांच्या तुकड्यांनी रस्ते उकरायला आणि काटेरी तारा ताणायला सुरुवात केली. कामाची सूत्रं एरिख होनेकरकडे होती, जो दहा वर्षांनी पक्षाचा सर्वेसर्वा झाला. लोकल आणि मेट्रो सेक्टरच्या हद्दीवर थांबवल्या. तारा मुद्दाम पूर्वेच्या हद्दीतच ठेवल्या होत्या, पश्चिमेची इंचभर जमीन घेतली नव्हती, पश्चिमी फौजांचे मार्ग अडवले नव्हते. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये चिडण्याबरोबर सुटकेचा निःश्वासही होता. पश्चिम बर्लिनचा महापौर विली ब्रांट संतापला, त्याने केनेडीला पत्र लिहिलं, मग उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन बर्लिनला आला आणि पंधराशे सैनिक हायवेने आणले गेले, शहराला धीर आला, पण तारा जागच्या जागीच राहिल्या आणि त्यांच्या जागी सिमेंटचे ठोकळे येऊ लागले.

बर्नाउअर स्ट्रासेवर काय झालं ते सांगितल्याशिवाय ही नोंद पुरी होणार नाही. तिथल्या बिल्डिंगांचे दरवाजे पश्चिमेला उघडत होते म्हणून ते आधी कुलूपबंद केले, नंतर खालच्या खिडक्या विटांनी बुजवल्या, मग लोक वरच्या मजल्यांवरून उड्या मारू लागले आणि खाली पश्चिम बर्लिनची फायर ब्रिगेड जाळी धरून उभी राहायची. २२ ऑगस्टला इडा सीकमान ही बाई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारताना गेली, भिंतीवरचा हा पहिला मृत्यू मानतात. दोन दिवसांनी गुंटर लिटफिन हा तरुण गोळी लागून मेला. पुढच्या वर्षी १७ ऑगस्टला १८ वर्षांचा पेटर फेश्टर गोळी लागून भिंतीच्या पायथ्याशी पडला, मदतीसाठी ओरडत जवळजवळ तासभर तिथेच रक्त वाहून मेला आणि दोन्हीकडचे सशस्त्र लोक बघत राहिले, कारण पुढे पाऊल टाकलं तर काय पेटेल याची दोघांनाही भीती.

याच्या शेजारी ऑक्टोबर १९६१ ठेवून बघा. चेकपॉइंट चार्ली या सीमेवरच्या नाक्यावर एका अमेरिकन अधिकाऱ्याला पूर्व बर्लिनमध्ये जाताना ओळखपत्र दाखवायला सांगितलं, त्याने नकार दिला, वाद वाढत गेला आणि २७ तारखेला अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे शंभर मीटरच्या आसपास अंतरावर समोरासमोर उभे. रात्र तशीच गेली, दुसऱ्या दिवशी पडद्यामागे बोलणं होऊन दोघेही एकेक करत मागे सरले. सत्तांचा स्वतःचा हक्क अडला तेव्हा रणगाडे बाहेर निघाले, आणि हजारो कुटुंबांची ताटातूट झाली तेव्हा निघाले नव्हते. हे लिहिताना आजही राग येतो, पण त्या रात्री गोळी सुटली असती तर पुढे काय झालं असतं हाही विचार मनातून जात नाही.

भिंत वर्षानुवर्षं पक्की होत गेली. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून बसवलेले तुकडे ३.६ मीटर उंच, एकेक तुकडा अडीच टनांच्या वर. फोटोत दिसते ती रंगवलेली बाजू पश्चिमेची. पूर्वेकडून येणाऱ्याला आधी एक मागची भिंत लागायची, मग सिग्नलची तार, कुत्री, पहाऱ्याचे मनोरे, पाऊलखुणा उमटाव्यात म्हणून विंचरलेली वाळू आणि सगळ्यात शेवटी ती प्रसिद्ध भिंत. सरकार हिला फॅसिझमपासून बचाव करणारी तटबंदी म्हणायचं पण सगळी रचना आतून बाहेर जाणाऱ्यांना अडवायची होती. भिंतीपायी किमान १४० लोक मेल्याची नोंद आहे, आणि पाच हजारांहून जास्त लोक ती ओलांडण्यात यशस्वी झाले, कोणी बोगद्यातून (ऑक्टोबर १९६४ मध्ये एकाच बोगद्यातून ५७ जण), कोणी गाडीच्या डिकीत लपून. जमिनीखाली आणखी विचित्र प्रकार होता. पश्चिमेच्या दोन मेट्रोलाइनी मधेच पूर्व बर्लिनखालून जायच्या, तिथल्या अंधुक स्टेशनांवर बंदूकधारी पहारेकरी, गाडी न थांबता हळू पुढे जायची आणि या वाटेचं भाडं पश्चिम बर्लिन पूर्व जर्मनीला डॉइच मार्कमध्ये देत होतं.

हेच दुसरीकडे का झालं नाही

व्हिएन्नाशी तुलना केली की कारणं जास्त स्पष्ट होतात. तेही शहर चार सत्तांनी वाटून घेतलं होतं, तेही सोव्हिएत झोनच्या मधोमध होतं. पण ऑस्ट्रियात १९४५ पासून अख्ख्या देशासाठी एकच सरकार राहिलं, व्हिएन्नाचा मधला भाग चौघे मिळून आळीपाळीने सांभाळत होते, आणि १९५५ मध्ये ऑस्ट्रिया तटस्थ राहील या बोलीवर चारही फौजा निघून गेल्या. ऑस्ट्रिया तटस्थ झाल्याने कोणाचंच फार बिघडत नव्हतं. जर्मनी मात्र युरोपातली सगळ्यात मोठी औद्योगिक ताकद होऊ शकणारा देश, तो आख्खा समोरच्याच्या हातात जाणं दोघांनाही मंजूर नव्हतं. सायप्रसची राजधानी निकोसिया वेगळ्या वाटेने दुभंगली. तिथे मूळ भांडण ग्रीक आणि तुर्की सायप्रियट समाजांमधलं, त्याला ग्रीस आणि तुर्कस्तानचं पाठबळ, डिसेंबर १९६३ च्या दंगलींनंतर शहरात रेघ पडली आणि १९७४ च्या तुर्की लष्करी कारवाईनंतर ती पक्की झाली. ग्रीस आणि तुर्कस्तान दोघेही नाटो या अमेरिकेच्या बाजूच्या लष्करी गटाचे सदस्य असूनही हे झालं, म्हणजे शहर फुटायला शीतयुद्धच लागतं असंही नाही.

शेवट

भिंत महासत्तांच्या हिशोबामुळे टिकली होती आणि तो हिशोब बदलल्यावर फार टिकली नाही. १९७१ च्या चार सत्तांच्या कराराने ये-जा थोडी सोपी झाली, पश्चिम बर्लिनवरची टांगती तलवार बरीचशी दूर झाली. १९८० च्या दशकात सोव्हिएत संघात गोर्बाचेव सत्तेवर आला आणि मित्रदेशांतली सरकारं वाचवायला सोव्हिएत रणगाडे पाठवायचे नाहीत असं धोरण झालं. सप्टेंबर १९८९ मध्ये हंगेरीने पूर्व जर्मन लोकांसाठी ऑस्ट्रियाची सीमा उघडली, म्हणजे १९६१ ला बंद केलेलं दार दुसरीकडून उघडलं. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर आले आणि गोळी चालली नाही. ९ नोव्हेंबरला संध्याकाळी पक्षाचा प्रवक्ता गुंटर शाबोव्स्की याने प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवले, कधीपासून लागू असं विचारल्यावर कागद चाळत, लगेच, असं उत्तर दिलं. लोक नाक्यांवर जमले, वरून धड हुकूम येईना, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर स्ट्रासेच्या पुलावरच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडलं. ३ ऑक्टोबर १९९० ला जर्मनी एक झाला.

आज बर्नाउअर स्ट्रासेवर स्मारक आहे, तिथे भिंतीचा काही भाग मधल्या पट्ट्यासकट राखून ठेवलाय, आणि श्प्रे नदीकाठी सव्वा किलोमीटरहून लांब रंगवलेला तुकडा आहे. पश्चिम बर्लिनने १९६७ पर्यंत ट्राम बंद करून टाकल्या होत्या, पूर्वेने चालू ठेवल्या, त्यामुळे बर्लिनच्या ट्रामचं जाळं अजूनही बहुतांश पूर्वेलाच आहे. १९९५ मध्ये पश्चिमेत पुन्हा ट्राम गेली ती बोर्नहोल्मर स्ट्रासेच्या त्याच पुलावरून.