कंसातला ऑर्डर बाय बेरीज बदलतो

रिपोर्ट सुरू होऊन थोडे दिवस झाले की फोन येतो, ‘एकूण रक्कम प्रत्येक ओळीत वेगळी दिसतेय, तुमची क्वेरी चुकली आहे.’ एसक्यूएल क्वेरी उघडून पाहिली, तर बहुतेक वेळा ओव्हरच्या कंसात (बेरीज कुठल्या ओळींवर करायची ते इथे लिहितात) कुणीतरी नंतर ऑर्डर बाय, म्हणजे ओळींचा क्रम, घातलेला असतो. हेतू साधा असतो, ओळी तारखेनुसार लागाव्यात. पण ते काम क्वेरीच्या शेवटी येणाऱ्या ऑर्डर बायचं. कंसातला ऑर्डर बाय बेरीज कुठल्या ओळीपर्यंत करायची ते ठरवतो.

एका खात्याचे चार व्यवहार घ्या. 1 तारखेला 100, 2 तारखेला 50 आणि 70, 3 तारखेला 30. कंसात फक्त पार्टिशन बाय खाते, म्हणजे प्रत्येक खात्याची वेगळी बेरीज, एवढंच असेल, तर चारही ओळींत 250 येतात. त्याला ऑर्डर बाय तारीख जोडलं की 100, 220, 220, 250. एकूण बेरजेची चालती बेरीज झाली. या आकड्याने भागून टक्केवारी काढली असेल, तर पहिल्या तीन ओळी चुकतात आणि शेवटची बरोबर येते. नजर नेमकी त्या शेवटच्या ओळीवर जाते, म्हणून चूक महिनाअखेरपर्यंत कळत नाही. सरासरी आणि काउंटचंही असंच होतं.

मग पुढचा प्रश्न, 220 दोनदा का? आपण काही सांगितलं नाही, तर डेटाबेस ‘रेंज’ ही फ्रेम (बेरजेत धरायच्या ओळींची हद्द) धरतो, म्हणजे सुरुवातीपासून चालू ओळीच्या तारखेपर्यंत. तारीख सारखी असलेल्या ओळी त्यात एकदमच मोजल्या जातात. एकेक ओळ मोजायची, तर ‘रोज (ROWS) बिटवीन अनबाउंडेड प्रिसीडिंग अँड करंट रो’, म्हणजे पहिल्या ओळीपासून चालू ओळीपर्यंत, असं स्पष्ट लिहावं लागतं. तेवढ्यानेही भागत नाही. 50 आधी की 70, हे तारखेवरून ठरत नाही, त्यामुळे दुसऱ्या ओळीत आज 150 तर उद्या 170 येऊ शकतात. म्हणून तारखेच्या जोडीला व्यवहार क्रमांकही ऑर्डर बायमध्ये हवाच.

आमच्या क्वेरींत फ्रेम नेहमी पूर्ण लिहिलेली असते. लांबण वाटते म्हणून काही जण ती ओळ काढून टाकतात. कृपया काढू नका, ती विचार करूनच लिहिलेली असते. डेटाबेस बदलूनही हा प्रश्न सुटत नाही. पोस्टग्रेस, ओरॅकल, मायएसक्यूएल 8.0 आणि एसक्यूएल सर्व्हर 2012 पासून पुढे, सगळीकडे न लिहिलेली फ्रेम अशीच धरली जाते.

क्वेरीत स्वतः बदल करायचा असेल, तर जरूर करा. फक्त चाचणीच्या डेटात एकाच तारखेच्या निदान दोन ओळी ठेवा आणि जुना व नवा निकाल शेजारी लावून पाहा. शंका आली, तर बदल चालू करण्याआधी क्वेरी आम्हाला पाठवा. देखभाल करारात ही तपासणी धरलेली आहे. दुसऱ्या कुणी लिहिलेल्या क्वेरीही आम्ही तपासून देतो.